पीक डिस्ट्रिक्टला जाताय तर ईमचं चर्च बघून या

खडीसाखर

मे एंडच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये कॉटेज घेतलं होतं, हॅदरसेजच्या जवळ. आम्ही दोघं, मुलं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. चॅट्सवर्थ, बेकवेल, मॅम टॉर यांवर इथे आधीच धागे आहेत म्हणून ते परत लिहीत नाही. जे लिहायचंय ते तिथून गाडीनं थोड्याच अंतरावर असलेल्या एका खेड्यातल्या चर्चबद्दल. गावाचं नाव ईम, स्पेलिंगवर जाऊन इयाम म्हणू नका.

खरं सांगायचं तर इथली खेड्यातली चर्चेस मी आजवर बाहेरूनच बघितलीत. पबच्या शेजारी असतात, समोर थडगी असतात, आपण पुढे जायचं. इथे मात्र नवऱ्यानं प्लेगची गोष्ट आधी वाचली होती आणि बाहेर पाऊस धरलेला, म्हणून गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगनं हाहाकार माजला होता, आणि तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याच्या मदतनिसानं, जॉर्ज विकर्स त्याचं नाव, ते विस्तवासमोर वाळत टाकलं, त्यातून पिसवा निघाल्या असं सांगतात. ७ सप्टेंबरला विकर्सला पुरलं. मग शेजारची घरं, मग गल्ली. थंडीत जरा ओसरला आणि १६६६ च्या उन्हाळ्यात असा काही भडकला की जूनमध्ये गावानं ठरवलं, आता आपण हद्दीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. शेवटचा माणूस १ नोव्हेंबरला गेला. एकूण २६०. मुळात गावात माणसं किती होती यावर वाद आहे, कुणी साडेतीनशे म्हणतं कुणी आठशे.

चर्च सेंट लॉरेन्सचं. तिकीट नाही, दारावर कुणी नाही, कडी उचलून आपलं आपण आत जायचं. आत एवढं गार की मे महिन्यात जॅकेट काढवेना. भिंतींवर वरच्या बाजूला जुनी चित्रं आहेत, इस्रायलच्या टोळ्यांची चिन्हं, बरीचशी पुसट, ती १९६० च्या दशकात दुरुस्ती करताना चुन्याखालून निघाली. पुढे एक काळपट लाकडी खुर्ची आहे, प्लेगच्या वेळचा तिथला धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याची म्हणून दाखवतात. एका खिडकीत प्लेगची सगळी गोष्ट रंगीत काचेत केलीये, ती मात्र अलीकडची, १९८५ ची. आणि या सगळ्याच्या शेजारी चहाची किटली, बिस्किटांचा डबा, आणि फुलं कुठल्या रविवारी कुणी आणायची त्याचा तक्ता. मला तो तक्ताच जास्त आवडला.

पण थांबायला होतं ते नावांपाशी. मेलेल्यांची यादी आहे, तारखेनुसार. सुरुवातीला एकेक नाव, मधे रिकामे दिवस, आणि ऑगस्ट १६६६ आला की वाचून संपत नाही. आडनावं परत परत येतात. थॉर्प, थॉर्प, थॉर्प. चर्चला लागूनच प्लेग कॉटेजेस म्हणून ओळीनं घरं आहेत, लोक अजून राहतात तिथे, खिडकीत कुंड्या वगैरे, आणि प्रत्येक घरापुढे हिरवी पाटी, इथे कोण राहायचं कोण गेलं. एका घरातले नऊच्या नऊ थॉर्प गेले. हॅनकॉक म्हणून एक कुटुंब गावाबाहेरच्या टेकडीवर राहायचं, त्यातल्या एलिझाबेथनं ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा पोरं पुरली. एकटीनं, कारण जवळ यायला कुणी तयार नाही. ती स्वतः वाचली. ती थडगी गावाबाहेर शेतात आहेत, गोल दगडी कुंपणात, चालत जाता येतं.

बाहेरच्या आवारात आठव्या शतकातला दगडी क्रॉस उभा आहे. आडवे हात शाबूत आहेत पण मधला खांबाचा तुकडा गायब, त्यामुळे बुटका दिसतो. चर्चच्या भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ आहे, एवढं गिचमिडीचं की सासरे आणि नवरा बराच वेळ डोकं लावून बसले होते, पाऊस चालू असताना. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, डर्बीशायरकडून खेळलेला आणि मग अंपायर झालेला हॅरी बॅगशॉ याचं थडगं आहे, त्याच्या दगडावर उडालेले स्टंप कोरलेत आणि वर अंपायरचं बोट. माझ्या धाकट्यानं तिथे उभं राहून आउट दिला.

यादी वाचताना सासरे एकदम म्हणाले, आमच्याकडे उंदीर पडायला लागले की अख्खं गाव रानात झोपड्या बांधून राहायचं, माझी आजी सांगायची, हे लोक घरातच कसे बसून राहिले? उत्तर माझ्याकडे नव्हतं. इथे कुणी डॉक्टर असतील तर सांगा. बाकी कुणी गेलं असेल तर भर घाला.

चहाबाज

मस्त लिहिलंय. फोटो कुठेत? फोटोशिवाय धागा म्हणजे फाऊल.

आम्ही ऑगस्टमध्ये जातोय मँचेस्टरहून. एक बावळट प्रश्न विचारू का, अशा चर्चमध्ये आपण सरळ घुसलं तर चालतं का? चपला काढायच्या का, प्रार्थना चालू असेल तर काय, पैसे किती टाकायचे. आईला घेऊन जाणार आहे, ती आधी हेच विचारेल.

निमूटराव

एवढं इंग्लंडात राहून सुट्टीत चर्च बघायचं म्हणजे कमाल आहे. आणि ही ईमची गोष्ट मी बीबीसीवर इतक्यांदा ऐकलीये, लॉकडाऊनमध्ये तर दर दोन दिवसांनी. थोर धर्मगुरू, थोर त्याग, गावानं जगाला वाचवलं. मला त्यातलं निम्मं नंतर रचलेलं वाटतं. गरीब माणूस गाव सोडून जाणार कुठे होता? त्याला कोण दारात उभं करणार होतं? त्याला त्याग म्हणायचं का?

वसईवाला

खडीसाखर ताई, छान. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे ही चर्चेस बघताना जरा घरचं आणि जरा परकं असं दोन्ही वाटतं. मुळात ही सगळी कॅथलिकच होती, सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं रोमशी तोडलं तेव्हा अँग्लिकन झाली, म्हणून आमच्याकडे असतात तसे पुतळे इथे फारसे दिसत नाहीत आणि भिंतीवरची चित्रं चुन्याखाली जातात.

धर्मग्राम म्हणजे पॅरिश, ही नुसती देवळाची गोष्ट नाही, ती हद्द आहे. इंग्लंडचा इंच न इंच कुठल्या ना कुठल्या धर्मग्रामात येतो. त्या हद्दीत राहणाऱ्याला तिथल्या चर्चमध्ये लग्न करता येतं, तो रविवारी येतो की नाही याचा संबंध नाही. आणि ती यादी तुम्हाला वाचायला मिळाली त्याचं कारण म्हणजे १५३८ साली हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. ते झालं नसतं तर नुसते एवढे मेले एवढंच कळलं असतं, थॉर्प कोण आणि हॅनकॉक कोण ते नाही. आमच्या गावात आजोबांच्या आजोबांचा दाखला चर्चच्या वहीत सापडतो, तेव्हा त्या वहीची किंमत मला माहितीये.

सेंट लॉरेन्स म्हणजे आमचा संत लॉरेन्स, १० ऑगस्टला सण. त्याला जाळीवर भाजून मारलं म्हणतात, म्हणून त्याच्या हातात लोखंडी जाळी असते. बघितलीत का तिथे कुठे?

चहाबाज, चपला काढायच्या नाहीत. डोक्यावर टोपी असेल तर पुरुषांनी काढायची. मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, कुणी उठवत नाही, फक्त पवित्र भाकरी घ्यायच्या रांगेत जाऊ नका. दानपेटीत जमेल तेवढं, आता बऱ्याच ठिकाणी कार्ड टॅप करायचं मशीन असतं.

खडीसाखर

@वसईवाला जाळी बघितली नाही हो, पुढच्या वेळी शोधते. हद्दीचं सांगितलंत ते फार उपयोगी, कारण ती हद्द अजून तिथे चालत बघता येते. स्टोनी मिडलटनच्या बाजूला शेतातून पायवाट आहे, वाटेत एक मोठा दगड, त्यावर वरच्या अंगाला खळगे पाडलेत. व्हिनेगरनं रोग जातो या समजुतीनं गावकरी त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवायचे आणि पलीकडचे लोक धान्य, मांस ठेवून पैसे उचलायचे. त्या खळग्यांच्या कडा अगदी गुळगुळीत झाल्यात, येणारा जाणारा प्रत्येक जण बोट घालतो, आमच्या मुलांनी पण घातलं. आणि दगडाशी उभं राहिलं की खाली स्टोनी मिडलटन दिसतं. म्हणजे प्लेग नसलेलं गाव हे असं डोळ्यासमोर, ओरडलं तर ऐकू जाईल एवढं, आणि जायचं नाही.

@चहाबाज फोटो टाकते रविवारी, मोबाइल मुलाकडे आहे. चर्चमध्ये फोटो काढले तर कुणी काही म्हणालं नाही.

@निमूटराव तुम्हाला नंतर उत्तर देते, आता डबे भरायचेत.

स्टेथोस्कोप

तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न एकदम अचूक आहे आणि उत्तर सरळ नाही.

प्लेगचा जंतू येर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसात येतो हे सिमोंनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि तेही लोकांना पटायला काही वर्षं गेली. म्हणजे १६६६ मध्ये यातलं कुणालाच काही माहीत नाही. हवा खराब झाली, देवाचा कोप झाला, कापडातून येतो, एवढंच.

आपल्याकडे मात्र लोकांना शास्त्राच्या आधी अनुभवानं कळलं होतं की घरात उंदीर मरून पडला की निघायचं. रानात झोपडी म्हणजे उंदीर कमी, माणसं विखुरलेली, ऊन-वारा खेळता. हे खरंच उपयोगी पडायचं. सरकारनंही पुढे गावं रिकामी करून बाहेर कॅम्प उभे केले.

ईममध्ये काय झालं? बाहेरचे वाचले, हे बहुतेक खरं. पण आतले? एकाच घरात, एकाच खोलीत आजारी आणि धडधाकट. २०१६ मध्ये ईमच्या याच दफनांच्या तारखांवरून एक गणिती अभ्यास झाला, त्यात निघालं की साधारण तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी आणि उरलेली उंदरांकडून. यात माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा पण आल्या. घरंच्या घरं गेली ती म्हणूनच. एलिझाबेथ हॅनकॉकचं घर त्याचंच उदाहरण.

म्हणजे हद्द बंद करणं एक गोष्ट, आणि हद्दीच्या आत पांगणं दुसरी. पहिली त्यांनी केली. दुसऱ्यातलंही थोडं केलं, चर्च बंद केलं, प्रार्थना गावाबाहेर कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी, आणि मढं ज्यानं त्यानं आपल्याच परसात किंवा शेतात पुरायचं. पण राहणं घरातच. सासरेबुवांना सांगा, तुमच्या आजी डॉक्टर असत्या तर ईममध्ये कमी माणसं मेली असती.

मुळामुठा

रानातल्या झोपड्या आमच्याकडेही सांगायचे. आमची पणजी झोपडीतच जन्मली, म्हणून तिला घरात सगळे रानी म्हणायचे.

पण १८९७ च्या पुण्यातलं जे आहे ते ईमच्या अगदी उलटं नाही का? तिथे गावानं स्वतः ठरवलं. इथे रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसले, माजघरापर्यंत, बायकांना अंगणात उभं केलं, सामान रस्त्यावर टाकून जाळलं. रोग तोच, उपाय पण थोडेफार तेच, माणसं वेगळी करा, घरं धुवा. आणि निकाल काय, २२ जूनला गणेशखिंडीत गोळ्या. त्याच साली साथींचा कायदा आला तो २०२० मध्ये कोविडला परत काढला, हे पण गंमतच आहे.

आणि त्याच प्लेगात सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७. मुलानं, डॉक्टर यशवंतनी, हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना काढला होता, तिथे आजारी माणसांची सेवा करताना लागण झाली. मॉम्पेसनच्या बायकोचं वाचताना मला तेच आठवलं. नवऱ्याबरोबर आजाऱ्यांकडे जात राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली ना ती?

खडीसाखर

@मुळामुठा हो, कॅथरीन. २५ ऑगस्ट १६६६. चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे, क्रॉसजवळ. साथ भडकल्यावर बहुतेकांना आवारात जागा नव्हती, तिला मिळाली. प्लेग संडेला, म्हणजे ऑगस्टमधल्या त्या साथीच्या स्मरणाच्या रविवारी, तिथे फुलांचं चक्र ठेवतात.

निमूटराव

बहुतेकांना नाही पण धर्मगुरूच्या बायकोला आवारात जागा, हे तुम्हीच लिहिलंत, मला वेगळं काही म्हणायची गरजच नाही :)

आता पुढे. मॉम्पेसननं स्वतःची मुलं साथ वाढायच्या आधी यॉर्कशायरला पाठवून दिली होती. ज्यांच्याकडे पैसा आणि पाहुणे होते ते आधीच निसटले. पॅट्रिक वॉलिस म्हणून लंडनचे इतिहासकार आहेत, त्यांनी सविस्तर दाखवलंय की ही त्यागाची कहाणी जशी आज सांगतात तशी बरीच नंतर घडत गेली, एकोणिसाव्या शतकात तिला रंग चढला. त्यात प्रेमी युगुल आलं, हद्दीवरून एकमेकांना बघणारे एमट आणि रोलंड, ते तुमच्या खिडकीत पण बसलेत. आणि मार्शल हाऊचं कुणी लिहिलं नाही अजून. तो एकदा प्लेगातून उठला, म्हणून आता मला परत होत नाही या भरवशावर मढी पुरायचं काम करायचा आणि मजुरी म्हणून मेलेल्याच्या घरातलं सामान उचलायचा. पुढे त्याचीच बायको आणि पोरगं गेलं. हाच माणूस मला सगळ्यात खरा वाटतो.

स्टेथोस्कोप

हाऊ भारी आहे. बाकी वॉलिस म्हणतात ते बरोबर असलं तरी दफनांच्या तारखा कुणी रचलेल्या नाहीत.

खडीसाखर

निमूटराव, डबे भरून झाले.

गरीब कुठे जाणार होता हे मान्य. पण तेवढ्यानं जून महिन्यातल्या त्या निर्णयाचा उलगडा होत नाही, कारण साथ ऐन भरात आल्यावर माणूस कुठे जायचं ते बघत नाही, पळतो. आणि मॉम्पेसन तर गावात नवखा, वय तिशीच्या आतलं, १६६४ मध्ये आलेला. लोकांना तो फारसा आवडतही नव्हता. त्यांचा खरा माणूस थॉमस स्टॅनली, आधीचा धर्मगुरू, प्युरिटन म्हणजे साध्या, कडक उपासनेचा आग्रह धरणाऱ्या पंथाचा. १६६० मध्ये राजा, दुसरा चार्ल्स, परत आला आणि १६६२ चा कायदा झाला, सगळ्यांनी सरकारी प्रार्थनापुस्तक मानायचं, यानं नाही म्हटलं, नोकरी गेली. तरी तो गावाच्या कडेला राहत होता आणि अर्ध्या गावाचं त्याच्याकडे येणंजाणं. आता या दोघांचं एकमेकांशी काय पटणार. एकाच्या जागेवर दुसरा बसलेला, धर्माचे आणि राजकारणाचे सगळे जुने हिशोब मधे. आणि हे दोघं एकत्र बसले, आधी आपसात ठरवलं आणि मग गावापुढे एकत्र उभे राहिले. त्याशिवाय मॉम्पेसनचं ऐकलं कुणी असतं असं मला वाटत नाही. चर्चमध्ये खुर्ची, खिडकी, सगळीकडे मॉम्पेसन, स्टॅनली शोधावा लागतो, हे मलाही खटकलं. तुम्ही त्यागाच्या गोष्टीला हसता पण मग निदान ज्याचं श्रेय त्याला तरी द्या.

दुसरं, पोटाचं. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरनं धान्य पुरवायचं कबूल केलं. दक्षिणेला तो दगड आणि उत्तरेला डोंगरावर एक झरा, मॉम्पेसनची विहीर म्हणतात, अशा ठिकाणी सामान यायचं. उपाशी माणसं हद्द पाळत नाहीत. मुळामुठा, पुण्यात हेच झालं नाही असं मला वाटतं. विश्वासाचा माणूस मधे नाही आणि घरातून काढल्यावर पुढे काय याचा पत्ता नाही.

मॉम्पेसनची मुलं पाठवली ते खरंय. त्याला पुढे काय मिळालं तेही ऐका, १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या ईक्रिंगला बदली झाली तर तिथले लोक त्याला गावात घेईनात, प्लेगवाला आला म्हणून. बरेच दिवस गावाबाहेर झोपडीत राहिला आणि झाडाखाली प्रवचन केलं असं तिथे सांगतात.

वसईवाला

म्हणजे शेवटी तोच रानात झोपडीत गेला! ताई, सासऱ्यांना हे नक्की सांगा.

मुंबईचं कुणी लिहिलं नाही म्हणून. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत जो ताप आला तो प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते डॉक्टर आकासिओ व्हिएगस यांनी, गोव्यातल्या हडफड्याचे. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक शेजारून जातात. आणि वांद्र्याच्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला जे जुने क्रॉस दिसतात त्यातले बरेच प्लेगच्या वेळचे आहेत, साथ आमच्या वस्तीत येऊ नये किंवा गेली म्हणून नवस. तिथे वरती तारखा असतात, बघा कधी.

स्टेथोस्कोप

आणि लस. हाफकिननं भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. आता धागा पार मुंबईला पोचला, परत ईमला जाऊया.

घंटानाद

उशिरा आलो. चर्चवर धागा आणि घंटांबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही, निषेध.

मी इथे तीन वर्षांपासून एका पॅरिश चर्चमध्ये घंटा वाजवायला शिकतोय. देवाधर्माशी माझा संबंध शून्य, कुणी विचारलं पण नाही, त्यांना दोरी ओढायला माणसं हवी असतात. इंग्लंडात घंटेवर गाणं वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. घंटा पूर्ण गोल फिरते, त्यामुळे तिला एका फेरीत फार मागेपुढे करता येत नाही, शेजारच्या घंटेशी जागा बदलता येते एवढंच. मग सहा घंटा असतील तर किती वेगळे क्रम? ७२०. सात असतील तर ५,०४०, त्याला तीन तास लागतात. आठ घंटांचे होतात ४०,३२०, ते कुठेही न चुकता आणि माणसं न बदलता १९६३ मध्ये लफबरोच्या घंटांच्या कारखान्यात वाजवले, १७ तास ५८ मिनिटं. कागद समोर ठेवायचा नाही, सगळं पाठ.

कुठल्याही खेड्यात आठवड्यातून एका संध्याकाळी प्रॅक्टिस असते, दारावर पाटी असते. वर जिना चढून गेलात आणि बघू का विचारलंत तर हमखास बघू देतात. फक्त दोरीला हात लावू नका, कुणी सांगितल्याशिवाय अजिबात नाही, माणूस उचलला जातो.

चहाबाज

हे भलतंच आहे, आमच्या मोठीला नक्की आवडेल, गणितवाली आहे.

ठीक, चर्च ठरलं. आता जवळपास अजून काय, आणि ट्रेननं जमेल का? आई गाडीत फार वेळ बसत नाही.

भटकभवानी

ट्रेननं सुंदर जमतं. मँचेस्टर-शेफील्ड होप व्हॅली लाइन, हॅदरसेज किंवा ग्रिंडलफोर्डला उतरा. तिथून ईमपर्यंत बस किंवा टॅक्सी. बस रविवारी कमी असतात, आधी बघून घ्या.

हॅदरसेजला उतरलातच तर तिथलं चर्च पण बघा, आवारात रॉबिन हूडच्या लिटल जॉनचं म्हणून थडगं दाखवतात, खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक पण भलं लांब आहे, पोरं झोपून मोजतात. स्टोनी मिडलटनचं चर्च अष्टकोनी आहे, असं सहसा दिसत नाही. टाइड्सवेलचं एवढं मोठं की त्याला पीकचं कॅथेड्रल म्हणतात, चौदाव्या शतकातलं. आणि शेफील्डहून दक्षिणेला चेस्टरफील्ड, तिथला मनोरा पिळलेला. २२८ फूट उंच, आणि टोक मुळापासून नऊ फुटांहून जास्त कललेलं. ओलं लाकूड वापरलं, वर शिशाचे जड पत्रे ठोकले, आतून आडवे टेकू धड नव्हते, वाळताना लाकूड फिरलं. ट्रेनमधून सुद्धा दिसतो.

ईममध्ये म्युझियम पण आहे, जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये, वर वारा दाखवायला उंदीर बसवलाय. ते हिवाळ्यात बंद असतं, ऑगस्टला उघडं मिळेल. माझ्या मते आधी म्युझियम आणि मग चर्च करा, म्हणजे नावं वाचताना ती कोण होती ते माहीत असतं.

चहाबाज

भवानी, जबरी. ऑगस्टचा शेवटचा वीकेंड चालेल का? गर्दी किती?

भटकभवानी

तेव्हाच जा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेग संडे असतो, गाव चालत त्या कक्लेट डेल्फच्या घळीत जातं आणि उघड्यावरच प्रार्थना होते, १६६६ सारखी. त्याच सुमाराला गावात विहिरी सजवतात. लाकडी फळीवर ओली माती थापून त्यात फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक दाबून मोठं चित्र करतात, आपल्या रांगोळीचीच बहीण म्हणा, फक्त उभी. आठवडाभर टिकतं. आईंना हे नक्की आवडेल.

गर्दी असते. पार्किंग म्युझियमसमोर आहे पण त्या दिवशी भरलेलं मिळेल, तेव्हा तुमची ट्रेनच बरी. डेल्फची वाट उताराची आहे आणि पाऊस झाला तर घसरडी, आईंचे गुडघे कसे आहेत?

चहाबाज

गुडघे बरे आहेत, पण उतार म्हटल्यावर ती चर्चमध्येच बसेल. किटली आणि बिस्किटं आहेत ना तिथे.

खडीसाखर

आहेत, कपाला काय टाकायचं ते डब्यावर लिहिलंय. चहा मात्र तुझ्या नावाला शोभेल असा नाही, टी बॅग बुडवायची आणि वरून गार दूध. आईंसाठी थर्मास भरून ने.

फोटो उद्या टाकते, नक्की.